चिंचेने घासलेलं मेडल

शर्यतीच्या सगळ्यात मागून एक गाडी येते. पुढे धावणाऱ्यांना ती कधी दिसतच नाही, त्यामुळे अशी गाडी असते हे त्यांच्यातल्या निम्म्यांना ठाऊकही नसतं. मला मात्र ती आतून पाठ आहे. सीटची उसवलेली शिवण, आरशाला टांगलेली लिंबू-मिरची, दार ओढून घेताना होणारा खडखडाट. आमच्या रत्नागिरीत थंडीच्या दिवसांत एकवीस किलोमीटरची शर्यत होते. शहरातून निघायचं, भाट्याचा पूल ओलांडायचा, कसोप, फणसोप करत गोळपच्या चढावर जायचं आणि तिथून वळून परत यायचं. सगळं साडेतीन तासांत. या हिशेबात जो मागे पडेल त्याला ही गाडी उचलते आणि मैदानावर आणून सोडते. पहिली तीन वर्षं मी तिच्यातूनच परत आले.

हरण्याची लाज मला फार दिवस पुरली नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी, सरकारी कचेरीत खुर्चीला चिकटून बसकं झालेलं शरीर घेऊन जी बाई धावायला निघते, तिने हरायचं नाही तर काय करायचं? माझी लाज आहे ती जिंकल्याची. म्हणजे न जिंकता जिंकल्यासारखं मिरवल्याची. ती गोष्ट आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत झाली आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

धावायला लागले ती साखरेमुळे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने चालण्याचं धावणं केलं. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, काटकुळी, आणि अंगात भुंगा शिरल्यागत धावणारी. पहाटे साडेपाचला आम्ही भाट्याच्या पुलावर जायचो. ती पुढे निघून जायची आणि मी मागे एकटीच धापा टाकत राहायचे. पुलावर मासे धरायला गरी टाकून बसणारे एक आजोबा होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बस चुकली काय बाय?" मी दम खात "हो" म्हटलं. त्यानंतर ते रोज विचारायचे, "आज पन चुकली?" नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला, आणि मग मी पण हसले.

पहिल्या वर्षी गोळपच्या चढाने माझा जीव काढला. वळायच्या खुणेपाशी पोहोचले तेव्हाच दहा मिनिटं मागे होते. चौदाव्या किलोमीटरच्या पाटीपाशी गाडी माझ्या बाजूला येऊन हळू झाली. आतल्या स्वयंसेवकाने काच खाली केली. "ताई, बसा आता. वेळेत नाही जमणार." मी "थोडं बघते" म्हणाले असते, निदान एकदा नाही म्हणाले असते, तरी आज बरं वाटलं असतं. मी काही न बोलता पटकन चढले. बसल्यावर इतकं सुख वाटलं की डोळेच मिटले. आत आणखी चौघं होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

कसोपला रस्त्याला लागून एक घर आहे. तिथल्या म्हाताऱ्या मुसलमान बाई शर्यतीच्या दिवशी पायरीवर कोकम सरबताचा जग घेऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक धावणाऱ्याला पेला देतात. जाताना त्यांच्या हातचं सरबत मी प्याले होते. परतीला गाडी त्यांच्या दारावरून गेली, तेव्हा त्यांनी आम्हाला बघून हात हलवला. मी वाकून बुटाची नाडी बांधत बसले. नाडी बांधलेलीच होती.

गाडीने मैदानाच्या मागच्या फाटकाशी सोडलं. पिशवी घ्यायला आणि नाश्त्याला जायचं तर शेवटच्या कमानीला वळसा घालून जावं लागतं. तिथे कॉलेजातली एक मुलगी दोन्ही हातांवर मेडलच्या रिबिनी टाकून उभी होती. माझ्या छातीवर नंबर, अंगभर घाम, चेहरा लालबुंद. तिला वेगळं काय वाटणार? तिने पुढे होऊन माझ्या गळ्यात मेडल घातलं. "अभिनंदन काकू!" मी म्हटलं, "अगं, मी..." एवढंच तोंडातून आलं. तेवढ्यात फोटो काढणारा ओरडला, "मॅडम, इकडे बघा!" आणि मी बघितलं. नुसतं बघितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, मी हसले.

मेडल काढून परत द्यायला फक्त दहा पावलं मागे जायचं होतं. चौदा किलोमीटर धावून आलेल्या बाईला तेवढी दहा पावलं जमली नाहीत. आता जाऊ, मग जाऊ करत मी उपम्याच्या रांगेत उभी राहिले. मैत्रीण केव्हाची पोहोचली होती, तिने धावत येऊन मला मिठीच मारली. तिला खरं सांगायला हवं होतं. ती रडायला लागली, म्हणून मी गप्प बसले.

तिने फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो मुंबईला माझ्या भावाकडे गेला आणि भावाने तो गावच्या ग्रुपवर टाकला. दुपारी आईचा फोन आला. "गो, तुझा फोटू आलाय. गळ्यात काय तां सोन्याचं?"

"सोन्याचं नाही गं. शर्यत पुरी केली की देतात."

असं मी म्हणाले. पुरी केली की देतात, यात खोटं काही नव्हतं. फक्त मी पुरी केली नव्हती.

आमचं गाव मालगुंडच्या अलीकडे. सड्याखाली, कातळाच्या पठाराच्या पायथ्याशी, आमची चाळीस घरांची बौद्ध वस्ती आहे आणि मधोमध विहार. आमच्या वस्तीचा एक रिवाज आहे. कुणाला कसलंही बक्षीस मिळालं तर ते त्याच्या घरी राहत नाही, विहारातल्या काचेच्या कपाटात जातं. वस्तीतल्या पहिल्या पदवीधराच्या पदवीची नक्कल, मुंबईच्या मंडळाने जिंकलेला कबड्डीचा कप, नर्स झालेल्या पहिल्या मुलीचा छातीवरचा बिल्ला, सगळं तिथे आहे. माझ्या आजोबांच्या पिढीला गावात कुणी पाण्याच्या जवळ उभं करत नव्हतं. तेव्हा आपल्यातल्या एकाला काही मिळालं तर ते सगळ्यांचं, असं त्या लोकांनी ठरवलं आणि आम्ही ते चालवत आलो. कपाटाची किल्ली माझ्या आईकडे असते. विहाराची झाडलोट तिने आपणहून अंगावर घेतली आहे, तेव्हापासून.

एप्रिलात जयंतीला माझा सत्कार ठेवला. मी नको नको म्हटलं. लोकांना तो माझा विनय वाटला, आणि माझी आणखी स्तुती झाली. मुंबईकर मंडळी आली होती. विहार भरला होता. आमच्याकडे कार्यक्रम कुठलाही असो, सुरुवात वंदनेने होते. वंदना घेणारे काका सांगतात आणि आम्ही सगळे उभे राहून मागोमाग पंचशील म्हणतो. लहानपणापासून म्हणत आलेय, झोपेत उठवलं तरी चुकणार नाही. त्या दिवशी पांढरी साडी नेसून, गळ्यात ते मेडल घालून मी पहिल्या रांगेत उभी होते. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन हे. माझे ओठ हलले, पण आवाज आला नाही. शेजारी आई खणखणीत आवाजात म्हणत होती, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग शाल, मग फुलं, मग भाषणं. काका म्हणाले, "आपल्या वस्तीतली लेक एकवीस किलोमीटर धावली. कुठे थांबली नाही, कुठे बसली नाही." बसली नाही म्हटल्यावर मला गाडीची ती उसवलेली सीट आठवली आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून आणली होती, 'एकवीस कि.मी. अंतर पूर्ण'. मेडल आणि चिठ्ठी कपाटात ठेवली. आईने कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मी टाळ्या वाजवत होते.

मी मनाशी एक डाव रचला. पुढच्या वर्षी शर्यत खरोखर पुरी करायची, खरं मेडल मिळवायचं आणि गुपचूप कपाटातलं बदलून टाकायचं. दर वर्षी मेडलवरचं चित्र बदलतं, पण इतकं निरखून कोण बघतंय? एकदा अदलाबदल झाली की सगळं खरं होणार होतं. चोरी करून मग त्या वस्तूचे पैसे भरायला जाणाऱ्या माणसासारखी मी सरावाला लागले. पाऊस, उकाडा, ऑफिसातली वर्षअखेर, काही बघितलं नाही. लोकांना वाटलं, या बाईला धावण्याचं वेड लागलं.

दुसऱ्या वर्षी मी कसोपच्या घरापर्यंत परतीला पायी पोहोचले. म्हाताऱ्या बाईंनी पेला हातात दिला आणि डोळे बारीक करून बघितलं. "गेल्या साली तू गाडीत व्हतीस ना?" त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना सहज आठवलं होतं. पण उभ्या दुनियेत माझं खरं जाणणारं एक माणूस निघालं, आणि ते या पायरीवर बसलेलं. मी "हो" म्हटलं. ते खरं "हो" म्हणायला किती सोपं होतं याचं मलाच नवल वाटलं. पुढे एका किलोमीटरवर गाडी आली आणि मी चढले.

या वेळी मागच्या फाटकाने गेले ती नंबर आधीच काढून, पिशवीत कोंबून. त्या कमानीच्या वाटेला गेलेच नाही.

आईने विचारलं, "औंदाचं मेडल कुठाय? कपाटात जागा केलेय."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला एवढी खवखव होती की उत्तर आधीच तयार होतं. "एका माणसाला एकदाच देतात गं ते. पहिल्यांदा पुरी केली की बास." उचलली जीभ लावली टाळ्याला. आईने ते खरं धरलं, आणि वस्तीतल्या चाळीस घरांना सांगितलं.

तिसऱ्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी तिनेच फोनवर विचारलं, "मेडल एकदाच देतात तर दर साली कशाला धावतंस गो पायांची लाकडं करून?" तब्येतीला बरं असतं, असं काहीतरी पुटपुटले. "बरं असतं तर लंगडतंस कशाला?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या वर्षी मी भाट्याच्या पुलापर्यंत आले. पलीकडे शहर दिसत होतं. तीनच किलोमीटर उरले होते, वेळही होता थोडा. पुलाच्या मध्यावर उजवी पोटरी अशी वळली की मी कठड्याला धरून खालीच बसले. गरीवाले आजोबा त्यांच्या जागेवर होते. त्यांनी गरी गुंडाळली, येऊन माझा पाय धरला आणि अंगठा मागे दाबून ठेवला. "आज बस चुकली नाय पायजे," म्हणाले. पण पायावर भार देता येईना. गाडी आली. त्यांनीच मला दंडाला धरून चढवलं. मी खिडकीशी बसून हुंदके देऊन रडले. ड्रायव्हरने मागे न बघता पाण्याची बाटली दिली. तीन वर्षांत त्याच्या-माझ्यात एक शब्दही झाला नव्हता.

खरं म्हणजे हे सगळं एका वाक्यात मिटण्यासारखं होतं. आईला फोन करायचा आणि सांगायचं. रोज ठरवायचे. पण कपाटासमोर उभी राहिले की वस्तीतल्या मुली काचेला नाक लावून बघताना दिसायच्या, आणि माझं वाक्य घशात परत जायचं. एकवीस किलोमीटर धावणं मला त्या एका वाक्याहून सोपं वाटत होतं. म्हणूनच मी चौथ्यांदा नाव दिलं. माझ्या चिकाटीचं कौतुक करणाऱ्यांना हे माहीत नाही. त्या चिकाटीतली निम्मी भित्रेपणाचीच होती.

चौथ्या वर्षी गाडी आली ती पुन्हा कसोपच्या घरापाशीच. मी पेला तोंडाला लावलेला. स्वयंसेवक म्हणाला, "ताई, चला." मी चढायला वळले, आणि मागून म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "थांब गो. दर साली तू गाडीत बसतेस. औंदा पायावर जा की. तुला काय कोन मारतोय?"

मी पाऊल खाली घेतलं. स्वयंसेवक भला होता. म्हणाला, "जा तुम्ही, पण नंबर द्यावा लागेल. आता रस्ता मोकळा करतायत, तुमच्या जबाबदारीवर जा." मी छातीवरच्या चारही पिना काढून नंबर त्याच्या हातात दिला. गाडी रिकाम्या सीटा घेऊन पुढे गेली. बाईंनी जग उचलला. "जा. मला पन आत जायाचं हाय. दर साली तुझ्या मागं मी दार लावते."

नंबर गेल्यावर मी शर्यतीतली उरले नाही. घामेजलेल्या ट्रॅक पँटमधली एक बाई रस्त्याच्या कडेने कधी धावत, कधी लंगडत चालली आहे, एवढंच. डंपर अंगावर धूळ उडवून गेले. एका रिक्षावाल्याने थांबून विचारलं, सोडू का. पुलावर आजोबा नव्हते, ऊन चढलं होतं, ते गेले असणार. मैदानात पोहोचले तेव्हा वेळ संपून सोळा मिनिटं झाली होती. हवेने फुगवलेली ती मोठी कमान सोडवून जमिनीवर टाकली होती आणि दोघं जण तिच्यावर लोळून आतली हवा काढत होते. मी तिच्या बाजूने, जिथे रेघ असायला हवी तिथून, गेले.

खोकी बांधणारा एक माणूस माझ्याकडे बघत होता. त्याने खोक्यात हात घालून एक मेडल काढलं. "पुरी केलीत ना ताई? घ्या. उरलीत ढीगभर."

चार वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते समोर होतं. घेतलं असतं तर डाव पुरा झाला असता. सोळा मिनिटांचा तर फरक! मी हात पुढे केलाही होता. मग मला ते पहिल्या वर्षीचं हसणं आठवलं, फोटोतलं, आणि किळस आली. "वेळेत नाही आले हो," म्हणाले. तो म्हणाला, "कोण बघतंय?" मी हात मागे घेतला आणि उपमा संपला आहे का ते विचारलं. संपला होता.

एवढं करूनही आईला काही सांगितलं नाही, हे लिहून ठेवते. एक मेडल नाकारलं म्हणजे आधीचं फिटलं, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

त्या वर्षी जयंतीच्या चार दिवस आधी मी गावी गेले. आई जेवायला वाढत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. काळ्या वाटाण्याची आमटी तिने न विचारता दोनदा वाढली. मी म्हटलं, "काय झालं गं?"

"तुला एक सांगायचं हाय. रागवू नको."

ती उठली, पेटीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी आणलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मेडल होतं. मी आधी ओळखलंच नाही. सोनेरी रंग पार उडाला होता. करडा, डागाळलेला पत्रा, धावणाऱ्या माणसाचं चित्र अर्धं पुसलेलं.

आईने सांगितलं ते असं. मागच्या जयंतीला कपाट साफ करताना तिला मेडल काळवंडल्यासारखं वाटलं. तिने ते घरी आणलं आणि घरातली पितळी समई घासावी तसं चिंच आणि राखेने घसाघसा घासलं. वरचा मुलामा चिंचेबरोबर धुऊन गेला. मग घाबरून तिने ते कपाटात उलटं ठेवलं, वर्षभर. कुणी काचेशी आलं की ती काहीतरी काम काढून पुढे उभी राहायची. आता जयंतीला मुंबईची माणसं येणार, कपाट उघडणार, म्हणून दोन दिवसांपूर्वी तिने ते काढून पेटीत लपवलं होतं.

"एवढं धावलंस तू, रक्ताचं पानी केलंस. आनि मी तुझ्या मेहनतीचं वाटोळं केलं गो. वर्सभर मला कुनाच्या तोंडाकडं बगवत नाय." ती पदर तोंडाला लावून रडत होती. शहात्तर वर्षांची माझी आई, जिने आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही, ती माझ्या खोट्या पत्र्यासाठी चोरासारखी वर्षभर जगली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचं वाक्य मी ठरवलं नव्हतं, ते आपोआप आलं. "आई, ते माझं नाहीच. मी पुरी केली नव्हती. गाडीत बसून आले होते."

तिला कळायला वेळ लागला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. गाडी, मुलगी, फोटो, एकदाच देतात ती थाप, तीन वर्षांच्या तीन गाड्या, शेवटची सोळा मिनिटं. आमटीवर साय धरली. आई रडायची थांबली होती. मला वाटलं, ती हसेल, किंवा जवळ घेईल. ती म्हणाली, "म्हंजे मी वर्सभर लाजत व्हते ती ह्या डबड्यापायी?"

"हो."

"आनि तू बगत व्हतंस."

"मला माहीत नव्हतं तू..."

"तां नाय. कपाट बगत व्हतंस."

मी म्हटलं, चुकले, माफ कर. तिने ताट माझ्या पुढ्यात सरकवलं आणि हात धुतले. "मला सांगितलंस, तां झालं. पन कपाट माझं नाय. माझ्याकडं नुसती किल्ली हाय."

त्या रात्री मला वाटत होतं, सकाळी ती म्हणेल, जाऊ दे, आपण दोघींतच ठेवू. ती तसं काही म्हणाली नाही.

जयंतीला विहारात वंदना झाली. चौथ्या शीलाला माझा आवाज नेहमीसारखा बंद. मग मी उठून काकांना म्हटलं, मला दोन मिनिटं बोलायचं आहे. त्यांना वाटलं, पुढच्या शर्यतीची बातमी असेल. त्यांनी माइक हातात दिला. माइक नसता तर बरं झालं असतं, कारण माझा श्वासदेखील सगळ्यांना ऐकू येत होता. मी सांगितलं. किती वाईट सांगितलं! मधेच हिंदीतले शब्द आले, मधेच रडू आलं, आकडे चुकले. शेवटी ते करडं मेडल टेबलावर ठेवलं. ते घासून आईने बिघडवलं हे मी सांगणार नव्हते, पण आईने खालूनच मोठ्याने सांगितलं, "रंग मी काडला. तां माझं हाय." तिच्या वाट्याचं तिने माझ्या अंगावर राहू दिलं नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी धीर दिला नाही. पंखा फिरत होता. मागच्या रांगेत एक बाई खुदकन हसली. माझ्या चुलत वहिनी म्हणाल्या, "शाल तरी खरी हाय ना?" त्यावर बरेच जण हसले, आणि मी जमिनीत जाऊ पाहत होते. काकांनी चष्मा काढून पुसला.

"पहिल्या वर्षी किती राहिलं होतं?"

"सात किलोमीटर."

"आणि यंदा?"

"काही राहिलं नव्हतं. पण उशीर झाला."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग आईला म्हणाले, "चिठ्ठी काढा कपाटातली." आईने कुलूप उघडलं, चिठ्ठी काढली आणि त्यांना दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. आपल्या अक्षरातलं खोटं त्यांना कपाटात नको होतं, आणि ते बरोबरच होतं. कबड्डीच्या कपाशेजारी हातभर जागा रिकामी झाली. आईने तिथे दुसरं काही सरकवलं नाही, कपाट तसंच बंद केलं.

मेडल हल्ली आईच्या स्वयंपाकघरात असतं. कोकमाच्या आगळाच्या बरणीवर फडकं घातलेलं असतं, ते उडू नये म्हणून ती मेडल त्याच्यावर ठेवते. मी गेले की ते मला दिसेल अशाच बाजूला असतं.

या जानेवारीत मी पाचव्यांदा धावले. मैत्रिणीलाही सगळं सांगितलं होतं. ती महिनाभर माझ्याशी तुटक वागली, मग पुन्हा पहाटे पुलावर यायला लागली. कसोपला सरबत प्याले, गाडी मागे दिसत होती, पण इतरांना उचलायला थांबत राहिली आणि तिने मला गाठलं नाही. मैदानात शिरले तेव्हा कमान उभी होती. वरच्या घड्याळात मात्र वेळ संपून चार मिनिटं झाली होती. मेडलवाल्यांनी खोकी बंद केली होती. मी मागितलं नाही आणि त्यांनी दिलं नाही.

तिथूनच आईला फोन केला.

"बसलंस काय गाडीत?"

"नाय."

"पोचलंस?"

"उशिरा. चार मिनिटं."

"चार. बरं. सांगते सगळ्यांना," ती म्हणाली. तिने चाळीस घरांना सांगितलं असणार, कारण त्यानंतर गावी गेले तर वाटेत भेटेल तो मला 'चार मिनिटं' म्हणूनच हाक मारत होता.

मागच्या पौर्णिमेला विहारात गेले होते. मी आईशेजारी उभी होते. काकांनी पंचशील सुरू केलं. आता चौथ्या शीलाला अख्खी वस्ती मान वळवून माझ्याकडे बघते. माझे कान तापतात, आणि मी मोठ्याने म्हणते.